दिवा लगेच पेटतो, नेट मात्र तीस सेकंदांनी

सकाळी कार्यालय उघडते. संगणकाची केबल स्विचमध्ये बसवली की त्या पोर्टाचा हिरवा दिवा लगेच पेटतो. वीज आहे, केबल शाबूत आहे, दोन्ही टोकांची ओळखही पटली आहे. तरी नेट काही सुरू होत नाही. अर्धा मिनिट जातो आणि मग सगळे आपोआप सुरळीत होते. ज्याला एवढा धीर नसतो तो केबल उपसतो, पुन्हा बसवतो आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून तेवढेच थांबावे लागते.

दुसरा अनुभव याहून विचित्र आहे. टेबले इकडची तिकडे होतात. एक केबल जमिनीवर मोकळी पडलेली दिसते. कुणीतरी चांगल्या हेतूने तिचे टोक उचलून समोरच्या स्विचच्या रिकाम्या पोर्टात बसवतो. त्या केबलचे दुसरे टोक आधीच त्याच जाळ्यात कुठेतरी जोडलेले असते. काही क्षणांत सगळ्या इमारतीचे नेट ठप्प होते. प्रिंटर, हजेरीचे यंत्र, खिडकीवरचा संगणक, काहीच चालत नाही. काहीही तुटलेले नसते, उलट एक केबल जास्त जोडलेली असते.

या दोन कोड्यांचे उत्तर एकच आहे. पहिल्या प्रसंगातले थांबणे हा दुसऱ्या प्रसंगातल्या अनर्थावरचा उपाय आहे. ते थांबणे कुठे हवे आणि कुठे नको, हे कळले तर जाळे सुरक्षितही राहते आणि चटकन जोडलेही जाते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे निघून पांढुर्णा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हटला की नवी कार्यालये, नवी टेबले आणि प्रत्येक टेबलापर्यंत एक केबल आलीच. शाळेची संगणक खोली, बँकेची शाखा, एमपी ऑनलाइनचे केंद्र, संत्र्याच्या व्यापाऱ्याची पेढी, सगळीकडे स्विच असतो. तो कसा विचार करतो हे फक्त तंत्रज्ञाने जाणून भागत नाही, रोज त्याच्यावर विसंबणाऱ्यांनीही ते समजून घ्यायला हवे.

तीन गावे, तीन रस्ते, तीन कोटवार

नागपूरहून निघालेली वाट सावनेरला फुटते. एक फाटा सौंसरवरून छिंदवाड्याकडे जातो, दुसरा पांढुर्ण्यावरून बैतूलकडे. सौंसर आणि पांढुर्णा यांना जोडणारा तिसरा रस्ता आहेच. सावनेर, सौंसर, पांढुर्णा असा हा त्रिकोण झाला.

आता कल्पना करू की या तिन्ही गावांच्या चौकात एकेक कोटवार उभा आहे आणि गावागावांतले निरोप पोहोचवणे हे त्याचे काम आहे. त्याच्या हाती एक वही आहे आणि त्याला तीन नियम घालून दिले आहेत.

पहिला नियम: निरोप ज्या रस्त्याने आला, त्या रस्त्याला पाठवणाऱ्याचे घर आहे अशी नोंद वहीत करायची. दुसरा: ज्याच्यासाठी निरोप आहे त्याचे घर वहीत सापडले, तर निरोप फक्त त्याच रस्त्याला धाडायचा. तिसरा: घर सापडले नाही किंवा निरोप सगळ्यांसाठी, म्हणजे मुनादी असेल, तर तो ज्या रस्त्याने आला तो सोडून बाकी सगळ्या रस्त्यांना आणि गल्ल्यांना पाठवायचा.

स्विच हुबेहूब असाच वागतो. रस्ते आणि गल्ल्या म्हणजे त्याची पोर्टे. घरे म्हणजे संगणक, प्रिंटर, कॅमेरे. निरोप म्हणजे माहितीचा एक तुकडा, त्याला फ्रेम म्हणतात. घराचा पत्ता म्हणजे प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळालेला ४८ बिटांचा मॅक पत्ता. आणि मुनादी म्हणजे ब्रॉडकास्ट. ब्रॉडकास्ट ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. ‘या क्रमांकाचा प्रिंटर कोणता?’, ‘मी नवा आलोय, मला पत्ता द्या’ अशा मुनाद्या जाळ्यात दिवसभर चालू असतात.

कुणीही न चुकता होणारा घोटाळा

सावनेरच्या एका घरातून मुनादी निघते. सावनेरचा कोटवार ती सौंसर आणि पांढुर्णा या दोन्ही रस्त्यांना पाठवतो. सौंसरचा कोटवार ती आपल्या गल्ल्यांत सांगतो आणि पांढुर्ण्याकडे धाडतो. पांढुर्ण्याचा कोटवार सावनेरहून आलेली मुनादी सौंसरकडे पाठवतो आणि सौंसरहून आलेली सावनेरकडे. सावनेरला ती दोन्ही बाजूंनी परत येते. तिथला कोटवार नियमाप्रमाणे तिला पुन्हा पुढे पाठवतो.

एकच मुनादी आता दोन दिशांनी त्रिकोणात फिरत राहते आणि कधीच थांबत नाही. प्रत्येक फेरीत तिन्ही गावांतल्या प्रत्येक घराला ती नव्याने ऐकू येते. तेवढ्यात दुसऱ्या घराची मुनादी निघते, मग तिसऱ्या घराची. जुनी एकही संपत नाही आणि नव्या येतच राहतात. यालाच लूप लागला म्हणतात आणि त्यातून जे उसळते त्याला ब्रॉडकास्टचे वादळ.

हे किती वेगाने होते? इथरनेटची सगळ्यात लहान फ्रेम ६४ बाइटांची असते. गिगाबिट वेगाच्या केबलवरून अशा जास्तीत जास्त सुमारे १४ लाख ८८ हजार फ्रेमा एका सेकंदात जाऊ शकतात. लूपमधली एक फेरी काही मायक्रोसेकंदांत पुरी होते, म्हणजे एकच फ्रेम सेकंदाला हजारो फेऱ्या मारते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच केबल या फिरत्या फ्रेमांनी भरून जाते आणि कामाच्या निरोपाला जागा उरत नाही. मुनादी सगळ्यांसाठी असल्यामुळे प्रत्येक संगणकाला ती घेऊन तपासावीही लागते, म्हणून संगणकही मंदावतात.

त्यात वहीचाही गोंधळ होतो. त्याच घराचा निरोप कोटवाराला कधी या रस्त्याने येतो, कधी त्या रस्त्याने. प्रत्येक वेळी तो जुनी नोंद खोडून नवी लिहितो. मग एका माणसासाठी असलेले साधे निरोपही भलत्याच रस्त्याला जाऊ लागतात.

इंटरनेटवरच्या पाकिटांना हा धोका एवढा नसतो, कारण त्यांना आयुष्य ठरवून दिलेले असते. पाकिटात एक आकडा लिहिलेला असतो, वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून देतो. इथरनेटच्या फ्रेममध्ये असा आकडाच नाही. याचे कारण तिच्या जन्मात आहे. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटवर काम सुरू केले, तेव्हा कल्पना होती ती सगळ्या संगणकांनी मिळून वापरायच्या एका लांब केबलची. मध्ये निरोप पुढे ढकलणारा कुणी नव्हताच. एका सरळ केबलवर निरोप फिरत राहील, ही शक्यताच तिथे नव्हती.

मग दुसरा रस्ता ठेवायचाच कशाला?

त्रिकोणातला एक रस्ता कायमचा काढून टाकला तर लूपचा प्रश्न मिटतो. पण मग उरलेल्या दोनांपैकी एक खचला की एक गाव तुटते. रस्ता खोदताना फायबर तुटणे, उंदराने केबल कुरतडणे, पोर्ट जळणे या गोष्टी जाळे सांभाळणाऱ्यांच्या नेहमीच्या आहेत. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी दुसरी वाट मुद्दाम ठेवली जाते.

देशाच्या मोठ्या योजनांतही हाच विचार दिसतो. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्यात विकासखंडापासून ग्रामपंचायतीपर्यंतचे जाळे वलयाकार ठेवायचे ठरले, म्हणजे एका बाजूने फायबर तुटले तरी दुसऱ्या बाजूने पंचायतीचे नेट चालू राहावे. तिथे राउटर आहेत आणि वलय सांभाळायच्या त्यांच्या रीती वेगळ्या आहेत. पण गरज तीच आहे: वाटा दोन हव्यात आणि निरोप गोल फिरता कामा नये. कार्यालयातल्या किंवा महाविद्यालयातल्या स्विचांपुढेही हाच पेच असतो.

एका रात्रीतला तोडगा

हा पेच १९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये राडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ बाईंपुढे आला. तेव्हा दोन केबलींची जाळी जोडायला ‘ब्रिज’ नावाची पेटी वापरत. आजचा स्विच हा तिचाच अनेक पोर्टांचा वारस. या पेट्या लोकांनी कशाही जोडल्या तरी लूप होऊ नये, अशी युक्ती त्यांच्या वरिष्ठांना हवी होती. काम एका शुक्रवारी सांगितले गेले आणि वरिष्ठ आठवडाभराच्या रजेवर गेले. पर्लमन यांना त्याच रात्री उत्तर सुचले. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याचा तपशील लिहून काढला आणि वेळ उरला म्हणून त्यावर एक छोटी कविताही केली. १९८५ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि १९९० मध्ये आयईईई या संस्थेच्या ८०२.१डी मानकात ही पद्धत आली. तिचे नाव स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, थोडक्यात एसटीपी.

तिचे मर्म असे: केबल काढायची नाही, फक्त तिच्या एका टोकाचे पोर्ट झोपवायचे. आणि कोणते पोर्ट झोपवायचे हे कुणा माणसाने किंवा मुख्य संगणकाने ठरवायचे नाही, स्विचांनीच आपापसात बोलून ठरवायचे.

कोटवारांचे तीन निर्णय

यासाठी स्विच एकमेकांना दर २ सेकंदांनी एक छोटा निरोप पाठवतात. त्याला बीपीडीयू म्हणतात. त्यात तीन मुख्य गोष्टी असतात: मी कोण, माझ्या मते मुखिया कोण आणि त्या मुखियापर्यंत पोहोचायला मला किती खर्च येतो.

पहिला निर्णय मुखियाचा. प्रत्येक स्विचला एक ओळख क्रमांक असतो. त्यात आधी प्राधान्याचा आकडा आणि मग मॅक पत्ता येतो. ज्याचा क्रमांक सगळ्यात लहान तो मुखिया, म्हणजे रूट. सुरुवातीला प्रत्येक जण स्वतःलाच मुखिया म्हणवतो आणि आपल्यापेक्षा लहान क्रमांक ऐकला की माघार घेतो. आपल्या त्रिकोणात सावनेर मुखिया झाले असे धरू.

दुसरा निर्णय मुखियाकडे जाणाऱ्या स्वस्त वाटेचा. वाटेची किंमत वेगावरून ठरते. जुन्या मानकात १० मेगाबिटच्या केबलला १००, १०० मेगाबिटला १९, गिगाबिटला ४ आणि १० गिगाबिटला २ अशी किंमत आहे. सौंसर आणि पांढुर्णा दोघांनाही सावनेरचा थेट रस्ताच स्वस्त पडतो. तो त्यांनी धरला.

तिसरा निर्णय उरलेल्या रस्त्याचा. सौंसर-पांढुर्णा रस्त्यावर निरोप पुढे नेण्याचा मान दोघांपैकी एकालाच मिळतो. इथे दोघांचाही सावनेरपर्यंतचा खर्च सारखा आहे, म्हणून लहान क्रमांकाचा जिंकतो. तो सौंसर आहे असे समजू. मग पांढुर्णा त्या रस्त्यावरचे आपले पोर्ट बंद करतो. बंद म्हणजे बहिरे नव्हे. त्या पोर्टावरून कामाचे निरोप जात-येत नाहीत, पण सौंसरचे बीपीडीयू त्याला ऐकू येत राहतात. गोल फिरण्याची वाट मोडली आणि राखीव रस्ता जागच्या जागी राहिला.

इथे जाळे उभारणाऱ्यांना एक सूचना. प्राधान्याचा आकडा कारखान्यातून सगळ्यांना सारखाच, ३२७६८, मिळतो. तो बदलला नाही तर निवड मॅक पत्त्यावर जाते आणि अनेकदा सगळ्यात जुन्या, सगळ्यात मंद स्विचचा पत्ता लहान निघून तोच मुखिया होऊन बसतो. साऱ्या जाळ्याची रहदारी मग त्याच्याकडे वळते. म्हणून मधल्या दमदार स्विचला मुद्दाम लहान आकडा द्यावा. तो ४०९६ च्या पटीत असतो.

तीस सेकंद कुठे जातात

कोटवार नवीन रस्ता दिसताच त्यावर निरोप सोडत नाही. आधी १५ सेकंद तो फक्त कान देतो: या रस्त्याच्या पलीकडे दुसरा कुणी कोटवार आहे का, त्याचा माझ्या मुखियाशी संबंध आहे का? पुढची १५ सेकंद तो येणारे निरोप ऐकून वही भरतो, पण पुढे काही पाठवत नाही. वही कोरी असताना काम सुरू केले तर प्रत्येक निरोप त्याला सगळीकडे पाठवावा लागला असता. या दोन्ही मुदती संपल्या की रस्ता खुला होतो. दिवा पेटल्यानंतरची ती तीस सेकंदे ही अशी जातात.

१५ हा आकडा मनाला येईल तसा निवडलेला नाही. जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाटेत जास्तीत जास्त सात स्विच असतील असे धरून, बदलाची बातमी सगळ्यांपर्यंत पोहोचायला पुरेल असा तो हिशेब आहे. कुणी जुन्या माहितीवर वागत असताना दुसऱ्याने नवा रस्ता उघडला तर क्षणभर लूप होईल, आणि त्या क्षणात काय होते ते आपण पाहिलेच.

रस्ता तुटल्यावरही हेच हिशेब लागतात. सावनेर-पांढुर्णा रस्ता तुटला तर पांढुर्ण्याला ते स्वतःच्या पोर्टावर लगेच दिसते. तो झोपवलेले पोर्ट उठवतो आणि ३० सेकंदांत सौंसरवरून निरोप सुरू होतात. पण सावनेर-सौंसर रस्ता तुटला तर पांढुर्ण्याला ते थेट दिसत नाही. सौंसरकडून येणारी पूर्वीची खात्रीची माहिती शिळी ठरेपर्यंत तो २० सेकंद थांबतो आणि मग पुढची ३०. एकूण ५० सेकंद.

संगणकाला ही शिक्षा कशासाठी?

स्विच-स्विचमधल्या रस्त्यांना ही सावधगिरी शोभते. पण स्विचला हे ठाऊक नसते की नव्या केबलच्या टोकाला दुसरा स्विच आहे की साधा संगणक. म्हणून तो सगळ्यांना सारखेच थांबवतो. संगणकाच्या पलीकडे सहसा रस्ताच नसतो. तो गल्लीतले शेवटचे घर आहे, तिथून निरोप फिरून दुसऱ्या चौकात जाणार नाही. तिथे तीस सेकंद कान देणे वाया जाते.

आणि त्याची किंमत मोजावी लागते. आजचे संगणक अर्ध्या मिनिटाच्या आतच सुरू होऊन ‘मला पत्ता द्या’ अशी मुनादी करतात. पोर्ट अजून बंद असते. कुणीच उत्तर देत नाही, आणि मग विंडोजचा संगणक १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो. त्या पत्त्यावर नेट चालत नाही. पुढे पोर्ट उघडले तरी संगणक पुन्हा विचारेपर्यंत मिनिटे जातात. जे संगणक आपली कार्यप्रणालीच जाळ्यावरून उचलतात, शाळेच्या प्रयोगशाळेत असे असतात, ते तर सुरूच होत नाहीत.

आणखी एक नुकसान चटकन दिसत नाही. एसटीपीच्या नियमाप्रमाणे कुठलेही पोर्ट उघडले किंवा बंद झाले की तो ‘जाळ्यात बदल’ मानला जातो. ती खबर मुखियापर्यंत जाते आणि मुखिया सगळ्यांना सांगतो की वहीतल्या नोंदी लवकर पुसा. एरवी ३०० सेकंद टिकणारी नोंद मग १५ सेकंदांतच जाते. सकाळी कार्यालयातले सगळे संगणक एकामागून एक सुरू होतात तेव्हा प्रत्येकापायी हा गजर वाजतो, वह्या कोऱ्या होत राहतात आणि एकासाठीचे निरोप सगळीकडे पसरतात. संगणक सुरू झाला एवढ्यानेच इमारतीच्या दुसऱ्या टोकाचे जाळे मंद होऊ शकते.

पोर्टफास्ट: शेवटच्या घरासाठी सरळ वाट

यावरचा उपाय म्हणजे ‘या पोर्टाच्या टोकाला फक्त एक यंत्र आहे’ असे स्विचला माणसाने सांगून ठेवणे. सिस्को कंपनीच्या स्विचांत या सोयीचे नाव पोर्टफास्ट आहे आणि मानकात अशा पोर्टाला एज पोर्ट, म्हणजे कडेचे पोर्ट, म्हणतात. मग केबल लावताच पोर्ट खुले होते. कान देण्याची १५ सेकंदे नाहीत, वही भरण्याची १५ सेकंदे नाहीत आणि संगणक सुरू-बंद झाल्याचा गजरही नाही.

पोर्टफास्ट लावले म्हणजे त्या पोर्टावरचा एसटीपी बंद झाला, असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नाही. पोर्ट बीपीडीयू पाठवत राहते. फक्त आधी थांबून मग उघडण्याऐवजी ते आधी उघडते.

इथेच धोका आहे. पोर्टफास्ट लावलेल्या पोर्टात उद्या कुणी दुसऱ्या स्विचची केबल खुपसली तर पोर्ट न थांबता उघडेल आणि वादळ लगेच सुरू होऊ शकेल. म्हणून या सोयीबरोबर एक पहारेकरी हवाच. त्याचे नाव बीपीडीयू गार्ड. त्याचा नियम सोपा आहे: या पोर्टावर बीपीडीयू ऐकू आला, तर पलीकडे संगणक नाही, स्विच आहे, म्हणून पोर्ट ताबडतोब बंद करा. संगणक बीपीडीयू पाठवत नाहीत, त्यामुळे प्रामाणिक वापरणाऱ्याला याचा कधी त्रास होत नाही. पोर्ट बंद झाले तर एकाच टेबलाचे नेट जाते, बाकी इमारत चालू राहते.

आता वाट पाहायची की विचारायचे?

२००१ मध्ये ८०२.१डब्ल्यू या मानकाने रॅपिड स्पॅनिंग ट्री आणली आणि २००४ च्या ८०२.१डी मध्ये तिने जुन्या पद्धतीची जागा घेतली. तिच्यात कोटवार घड्याळाकडे बघत बसत नाही, तर शेजाऱ्याला सरळ विचारतो: ‘मी हा रस्ता उघडू का?’ शेजारी आधी इतर चौकांकडे जाणारे आपले रस्ते क्षणभर रोखतो, लूप होणार नाही याची खात्री करतो आणि होकार देतो. मग तोच प्रश्न तो पुढच्या शेजाऱ्याला विचारतो. असे एकेक पाऊल टाकत सारे जाळे बहुधा एका सेकंदाच्या आत नव्या घडीवर येते. शेजारी गप्प झाला तर २० सेकंद थांबायचीही गरज नाही. लागोपाठ तीन बीपीडीयू चुकले, म्हणजे ६ सेकंद गेले, की तो गेला असे धरतात.

तरी कडेची पोर्टे सांगून ठेवण्याची गरज या नव्या पद्धतीतही आहे. संगणक ‘उघडू का?’ या प्रश्नाला उत्तर देत नाही, कारण त्याला ही भाषाच येत नाही. उत्तर मिळाले नाही तर स्विच जुन्या मुदतींवर येतो आणि पुन्हा तीच तीस सेकंदे लागतात. काही सेकंद बीपीडीयू ऐकू आला नाही तर पोर्ट कडेचे आहे असे स्वतःच ओळखण्याची सोय अनेक नव्या स्विचांत असते. तरी सांगून ठेवलेले केव्हाही पक्के.

टेबलाखालचा छोटा स्विच

आपल्याकडच्या लहान कार्यालयांत खरा कच्चा दुवा वेगळाच असतो. भिंतीत एकच पोर्ट आणि टेबले चार, म्हणून पाच किंवा आठ पोर्टांचा स्वस्त स्विच टेबलाखाली ठेवला जातो. तो बहुधा अनमॅनेज्ड, म्हणजे ज्यात काही सेटिंग करता येत नाही असा असतो. त्याला एसटीपी येत नाही. एकाच केबलची दोन्ही टोके त्यात बसली की वादळ तिथेच उठते आणि वरच्या जाळ्यात पसरते.

असे काही स्विच आलेला बीपीडीयू तसाच पुढे ढकलतात. तो लूपमधून फिरून मुख्य स्विचकडे परत येतो, बीपीडीयू गार्ड त्याला ओळखतो आणि पोर्ट बंद करतो. पण काही स्विच बीपीडीयू गिळून टाकतात. मग गार्डला पलीकडची काहीच खबर लागत नाही. अशा जागी आणखी दोन सोयी कामी येतात. एक लूप डिटेक्शन: स्विच स्वतःची खूण असलेली फ्रेम सोडतो आणि ती परत आली तर पोर्ट बंद करतो. दुसरी स्टॉर्म कंट्रोल: एका पोर्टावरून ठरलेल्या मर्यादेबाहेर ब्रॉडकास्ट येऊ लागले तर ते अडवायचे. दोन्ही सोयी मुख्य स्विचमध्ये असतील तर टेबलाखालची चूक टेबलापाशीच थांबते.

वादळ उठल्याची बाहेरून दिसणारी खूण म्हणजे स्विचवरचे सगळे दिवे एकदम, न थांबता फडफडत राहणे. अशा वेळी मुख्य स्विचच्या केबली एकेक करून काढाव्यात. जी काढल्यावर दिवे शांत होतील, तिच्या पलीकडे लूप आहे.

मोठ्या जाळ्यांनाही चुकले नाही

नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या नामवंत रुग्णालयाचे जाळे कोसळले आणि सुमारे चार दिवस घडी बसेना. डॉक्टर आणि परिचारिका कागदावर नोंदी करू लागले, तपासण्यांचे निकाल हातोहात नेले जाऊ लागले. जाळे वर्षानुवर्षे जोडत-जोडत इतके लांब झाले होते की एसटीपीने धरलेली सात स्विचांची मर्यादा ओलांडली गेली होती. मुदतींचा हिशेब चुकला आणि लूप रोखणारी यंत्रणाच गोंधळली. रुग्णालयाने हे लपवले नाही, त्यातले धडे जाहीरपणे मांडले. म्हणूनच जाळे बांधणाऱ्यांच्या पिढ्या या प्रसंगातून शिकल्या.

जाळे एका दिवसात बिघडत नाही. गरजेपोटी जोडलेल्या एकेका स्विचने, कुणीही न नोंदवलेल्या एकेका केबलीने ते त्या टोकाला जाते. नवी कार्यालये उभी राहत असलेल्या गावांसाठी याहून महत्त्वाचा धडा नाही.

> थोडक्यात
>
> • इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. वाट गोल असली तर ती फिरतच राहते.
>
> • एसटीपी राखीव केबलचे एक पोर्ट झोपवून गोल वाट मोडते. गरज पडल्यावर तेच पोर्ट उठवते.
>
> • केबल लावल्यावरची ३० सेकंदे म्हणजे १५ ऐकण्याची आणि १५ वही भरण्याची.
>
> • संगणक, प्रिंटर, कॅमेरा यांच्या पोर्टांवर पोर्टफास्ट लावावे आणि सोबत बीपीडीयू गार्ड ठेवावाच.
>
> • स्विचला स्विच जोडणाऱ्या पोर्टावर पोर्टफास्ट कधीही लावू नये.
>
> • शक्य तिथे रॅपिड स्पॅनिंग ट्री चालू करावी आणि मधल्या दमदार स्विचला मुद्दाम मुखिया करावे. काही स्विचांत एसटीपी कारखान्यातून बंदच येतो, तो चालू आहे ना ते पाहावे.
>
> • नेट येत नाही म्हणून केबल काढून पुन्हा लावू नये. थांबण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

केबलच्या टोकाला काय आहे?

घाई कुठे करायची आणि सावध कुठे राहायचे, हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे. चौकांमधल्या रस्त्यांवर स्विचला हवा तेवढा विचार करू द्यावा, शेवटच्या घरापाशी त्याने थांबू नये. पण कोणते पोर्ट चौकाकडे जाते आणि कोणते घराकडे, हे स्विच खात्रीने सांगू शकत नाही. ते जाळे बांधणाऱ्या माणसालाच ठाऊक असते, आणि तेही त्याने लिहून ठेवले असेल तर.

म्हणून पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या एखाद्या शाळेत, दवाखान्यात, कार्यालयात नवे जाळे टाकले जात असेल तर काम घेणाऱ्याकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात. प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना सारखा क्रमांक. कोणत्या पोर्टातून केबल कुठे जाते याचा एक कागद, स्विचच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलेला. आणि त्या कागदावर कोणत्या पोर्टांना पोर्टफास्ट व गार्ड लावला आहे त्याची खूण. याला फारसा पैसा लागत नाही, फक्त काम संपतानाचा एक तास लागतो. तो तास दिला तर पुढच्या वर्षी टेबले हलवणारा माणूस जमिनीवरची मोकळी केबल उचलून आधी तिचा क्रमांक वाचेल, कागदाशी ताडून पाहील आणि मगच ती कुठे बसवायची हे ठरवेल.